सर्टिफिकेट कॅमेऱ्याचं नाही, कारखान्याचं

प्रश्न: शिरोलीत आमची छोटी फाउंड्री आहे, पंपाच्या बॉडीचं कास्टिंग करतो. तपासणीला एआयचा कॅमेरा बसवलाय. सुपरवायझर मराठीत बोलून शेरा देतो, त्याचा इंग्रजी रिपोर्टही एआयच करतं. आता जर्मन ग्राहक विचारतोय, ‘42001 आहे का?’ एक सल्लागार म्हणतो, पैसे भरा, महिन्यात सर्टिफिकेट हातात. हे नियम करतं कोण? आणि त्यात आपल्याला कोण विचारतं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी त्या सल्लागाराला थांबवा.

42001 हे आयएसओ आणि आयईसी या दोन आंतरराष्ट्रीय मानक संस्थांनी मिळून डिसेंबर 2023 मध्ये काढलेलं मानक. तुमच्याकडे गुणवत्तेचं 9001 असेल तर त्याच घराण्यातलं. एआय वापरताना जबाबदारी कुणाची, धोके कोणते, चुकांची नोंद कुठे, हे कारखान्यानं कसं सांभाळायचं ते त्यात येतं. तुमचा कॅमेरा ब्लोहोल, म्हणजे हवा अडकून कास्टिंगला पडलेलं भोक, पकडतो का, हे ते सर्टिफिकेट सांगत नाही. एका कारखान्यात मी डोळ्यांनी पाहिलंय. फ्लँजला वाळू चिकटली होती, तिला ब्लोहोल समजून कॅमेऱ्यानं चांगला नग लाल पेटीत टाकला. पुढच्या नगात खरं भोक होतं, पण त्यात तेल साचलेलं, म्हणून तो पास. मी टाचणी घातली तर निम्मी आत गेली.

म्हणून वीस-पंचवीस खराब नग बाजूला ठेवा, रंगानं नंबर टाका, रोज पहिल्या पाळीला कॅमेऱ्यासमोरून फिरवा आणि किती पकडले ते वहीत लिहा. ग्राहकाला स्पष्ट विचारा की सर्टिफिकेट सक्तीचं आहे की असा पुरावा चालेल. युरोपचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात यायला लागला, पण कास्टिंगचा पृष्ठभाग बघणारा कॅमेरा त्यातल्या मोठ्या जोखमीच्या यादीत सहसा बसत नाही.

आता नियम करतं कोण. आयएसओ-आयईसीची एससी 42 नावाची आंतरराष्ट्रीय समिती 2017 पासून हे काम करते. तिचं सचिवालय अमेरिकेच्या एएनएसआय या मानक संस्थेकडे आहे, आणि ही संस्था खासगी आहे. त्या समितीत आपल्याकडून बसतं ते भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे संसदेच्या कायद्यानं झालेली संस्था. तिथली एलआयटीडी 30 ही समिती एआयचं बघते. मतदानात सदस्य देशाला एकच मत, देश लहान असो की मोठा.

तुमच्या वडिलांच्या वेळचे फिटर बोल्ट सुतात मागायचे. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, नटात 12 एमएमचा बोल्ट घातला की एक-दोन आटे जातो आणि अडकतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि ब्रिटनला हाच त्रास झाला, कारण एकाचा आट्याचा कोन 60 अंश, दुसऱ्याचा 55. शेवटी 1948 मध्ये कॅनडासकट तिघांनी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या. माझ्या मते सरकारांनी एआयवर एकत्र बसायचं खरं कारण हेच आहे. इंग्लंडमधल्या ब्लेचलीला 2023 मध्ये भारत, चीन, अमेरिकेसह 28 देशांनी आणि युरोपीय संघानं एआयच्या सुरक्षेवर जाहीरनामा काढला, ते चांगलंच झालं. पण जाहीरनाम्यानं आटे जुळत नाहीत, मोजमाप ठरल्यावर जुळतात.

आणि मोजमापात भाषा येते. काही देशांच्या एआय सुरक्षा संस्थांनी मिळून दहा भाषांत मॉडेलं तपासली, त्याचा अहवाल 2025 मध्ये आला. त्यात स्वाहिली होती, मलय होती, आपल्याकडची तेलुगू होती. मराठी नव्हती. मला हे फार लागलं. तुमचा सुपरवायझर ‘हवा धरलीय’ म्हणतो, त्याचा इंग्रजीत काय अर्थ लागतो, हे बघायला मग कुणी बसलेलं नसतं.

आपल्याला विचारतात का? विचारतात. ब्यूरो मसुदे हरकतींसाठी खुले ठेवतं, कुणीही लिहू शकतं. नुसतं ‘हे बरोबर नाही’ लिहिलं तर वाया जातं. कलमाचा नंबर, अडचण काय आणि त्याजागी कोणते शब्द हवेत, एवढं लिहा. महिनाभर सुपरवायझरचं बोलणं आणि यंत्राचा रिपोर्ट शेजारी-शेजारी लिहून ठेवा. मग ती वही आणि खराब नगांची वही घेऊन एखाद्या रविवारी या, पहिली हरकत आपण दोघं मिळून लिहू.