दोन्ही धर

प्रिय पोरा,

काल तू मैदानाच्या फाटकाशी उभा होतास. खांद्यावर क्रिकेटची किट आणि हाताला बॉक्सिंगच्या पट्ट्या तशाच, घामाने पिवळ्या पडलेल्या. "सर, सगळे म्हणतात एक काय ते ठरव." तेव्हा मी गप्प बसलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय. दोन्ही धर.

जॉनी डग्लसबद्दल वाच, इंग्लंडचा बॉक्सर आणि क्रिकेटपटूही. 27 ऑक्टोबर 1908, लंडन ऑलिंपिक. एका दिवसात तीन लढती, शेवटची ऑस्ट्रेलियाच्या स्नोई बेकरशी. गुणांवर निसटता विजय आणि मिडलवेटचं सुवर्ण. तीन वर्षांनी कप्तान पेल्हम वॉर्नर आजारी पडला आणि ऑस्ट्रेलियात इंग्लंडच्या क्रिकेट संघाचं नेतृत्व याच्याकडे आलं. फलंदाजी इतकी चिवट की जे. डब्ल्यू. एच. टी. या आद्याक्षरांवरून प्रेक्षक ओरडायचे, 'जॉनी वोन्ट हिट टुडे', जॉनी आज फटका मारणार नाही. ओरडू देत. रिंगमध्ये गार्ड न सोडणारा क्रीजवर बरा सोडेल! अंग तेच, पाय तेच.

पण चिवट म्हणजे आडमुठा नव्हे. त्या दौऱ्यात सिडनीत नवा चेंडू संघातल्या गोलंदाज बार्न्सला न देता त्याने स्वतः घेतला, कसोटी गेली. मेलबर्नला बार्न्सला दिला: 44 धावांत 5 बळी. मालिका 4-1 ने जिंकली. पुढे 1920-21 मध्ये तिथेच 0-5 हरला, 1921 च्या उन्हाळ्यात कप्तानपदही गेलं, तरी नवा कप्तान टेनिसनच्या हाताखाली खेळत राहिला.

मी सतराव्या वर्षी ग्लव्हज ट्रंकेत टाकले, एका प्रशिक्षकाच्या शब्दावर. दोन मोसमांत उसळता चेंडू आला की मान वळायला लागली. आधी कधी वळत नव्हती. लोक म्हणतात गुडघ्याने घात केला. गुडघ्याचा काही संबंध नाही. एक सोडलं म्हणून दुसरं गेलं. चाळीस वर्षं हेच सांगतोय आणि हेच खरं आहे.

वेळ कुठे आहे, हे पुन्हा विचारू नकोस. वेळ काढावा लागतो. तुझ्या आईशी मी बोलतो, तिची काळजी मला कळते. पण तू दोन्ही धर.

डिसेंबर 1930 मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगॅट समुद्रात धुक्यात दोन बोटी आदळल्या. डग्लस वडिलांना वाचवायला गेला आणि दोघेही बुडाले. तेव्हा तो 48 वर्षांचा होता.

रविवारी सहाला ये. पट्ट्या धुऊन आण, पॅडही आण.

तुझा,
सर