घरात फोन लागत नाही, कंपनी म्हणते नवा 5जी फोन घ्या. घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहता, चार वर्षांचा 4जी फोन आहे, घरात कॉल कटतो. दिवसा घरी आई एकटी असते आणि तिचा फोन आला तरी अर्धं बोलणं ऐकूच येत नाही. कस्टमर केअरला विचारलं तर ते म्हणतात, "हँडसेट जुना आहे, 5जी घ्या." 28 हजारांचा फोन हप्त्यावर घ्यायचा का?

आत्ता घेऊ नका. आधी एक गोष्ट सांगा, जी तुम्ही लिहिलेली नाही: त्याच घरात, त्याच खोलीत, आईच्या फोनवरही कॉल कटतो का? तिचं सिम त्याच कंपनीचं असेल आणि तिच्याही फोनची तीच तऱ्हा असेल, तर तुमचा फोन निर्दोष आहे. दोष रेंजचा आहे, आणि रेंजसाठी तुम्ही दर महिन्याला पैसे भरताच.

मी इथल्या बर्डीच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. त्याआधी काही वर्षं एका मोबाईल कंपनीच्या स्टोअरमध्ये काउंटरला होतो, म्हणून "हँडसेट जुना आहे" हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे. फोनवर बोलणाऱ्या पोरापोरींसमोर स्क्रीनवर प्रश्नांची साखळी असते. फोन बंद करून चालू केला का, सिम काढून घातलं का, नेटवर्क सेटिंग रिसेट केलं का, हँडसेट कोणता आहे. हँडसेट जुना निघाला की साखळी तिथे संपवता येते आणि तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवावी लागत नाही. एका कॉलवर किती वेळ गेला याचा हिशोब त्यांच्याकडून रोज मागितला जातो. त्या पोरांवर राग काढू नका, त्यांच्या हातात फार काही नसतं. पण त्यांचं वाक्य म्हणजे तपासणीचा निकाल असं समजून 28 हजार खर्च करू नका.

तपासणी तुम्ही स्वतः घरी बसून करू शकता. तुमचं सिम आईच्या फोनमध्ये टाका, आईचं तुमच्या फोनमध्ये, आणि ज्या खोलीत त्रास होतो तिथूनच कॉल करून बघा. त्रास सिमबरोबर गेला तर नेटवर्क किंवा सिम. त्रास तुमच्याच फोनमध्ये राहिला तर फोन. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर पाच मिनिटं मागून तेही टाकून बघा. मग रेंजचा आकडा बघा, कारण वरच्या काड्या प्रत्येक फोन आपापल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नल स्ट्रेंग्थ उणे आकड्यात दिसते. 4जीवर उणे 85 च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे 100 म्हणजे काम चालेल, उणे 110 च्या खाली गेलं की कॉल कटणारच, मग फोन कालच डब्यातून काढलेला असला तरी. हा आकडा बाल्कनीत, हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत वेगवेगळा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतो. वेळही लिहा. सकाळी सगळं ठीक आणि रात्री आठ ते अकरा त्रास, असं असेल तर टॉवरवर गर्दी होऊन राहिली आहे. तिथेही तुमच्या फोनचा संबंध नाही.

आता 5जीचं. नागपूरला 5जी उशिरा आलं असं मुळीच नाही. एअरटेलने ऑक्टोबर 2022 मध्ये ज्या पहिल्या आठ शहरांत सेवा सुरू केली त्यात दिल्ली-मुंबईबरोबर नागपूर होतं. पण 5जी आहे म्हणून घरात कॉल चांगला लागेल, हे गणित चुकीचं आहे. आपल्याकडचं बरंचसं 5जी 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं. लहरीची वारंवारता जितकी जास्त, तितकी ती भिंतीत आणि स्लॅबमध्ये जास्त अडते. 800-900 मेगाहर्ट्झची लहर आतल्या खोलीपर्यंत पोहोचते, 3300 ची बऱ्याचदा बाल्कनीतच दम तोडते. 2022 मध्ये सरकारने या पट्ट्यांचा लिलाव केला, त्यात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा फक्त जिओने घेतला, तो घरात शिरायला चांगला. बाकीच्या कंपन्यांच्या सिमवर आतल्या खोलीत गेलात की नवा फोनही मुकाट्याने 4जीवर येतो. शिवाय 5जी फोनवरूनही साधा कॉल अनेकदा व्होल्टीवरूनच, म्हणजे 4जी नेटवर्कवरूनच जातो. म्हणजे 28 हजार घालून कॉल जिथून कटत होता तिथूनच कटू शकतो.

तुमच्या घरी ब्रॉडबँड असेल, तर आजच वाय-फाय कॉलिंग सुरू करा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. 2019 च्या डिसेंबरपासून आपल्याकडे ही सोय आहे आणि तुमच्या वयाच्या बहुतेक 4जी फोनमध्ये ती असते. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर "वाय-फाय कॉलिंग" चालू करायचं, बस्स. कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून, पण तुमच्या नेहमीच्याच नंबरवरून जातो, त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही, पैसे वेगळे लागत नाहीत, समोरच्याला काही करावं लागत नाही. आईच्या फोनमध्ये हे आधी चालू करा. उन्हाळ्यात लाईट गेली की राउटर बंद पडेल आणि कॉल पुन्हा त्याच कमजोर रेंजवर येईल, म्हणून राउटरला इन्व्हर्टरची लाईन द्या, नाहीतर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो लावा. आई एकटी असते ना, मग हा खर्च पहिला करा.

आणि तक्रार सोडू नका. वाय-फायने घरचं काम भागलं तरी जिन्यात, गच्चीवर, खाली पार्किंगमध्ये रेंज लागतेच. नेहमीच्या केअर नंबरऐवजी 198 लावा, हा तक्रारीसाठीचा टोल-फ्री नंबर आहे. बोलताना "नेट चालत नाही" असं मोघम म्हणू नका. पत्ता, मजला, वेळ आणि लिहून ठेवलेले आकडे सांगा, सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकूनही तोच त्रास आहे हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने हँडसेटवाली वाट बंद होते. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक मागा, तो मेसेजने यायला हवा. डॉकेट नंबर नसेल तर कंपनीच्या लेखी तुम्ही फोन केलाच नाही असं धरा. फोन ठेवायच्या आधी तो आला का ते बघा.

"आपली तक्रार निकाली काढली आहे" असा मेसेज आला आणि घरात काहीच बदललं नाही, तर लोक इथेच थकतात. थकू नका, कारण खरी पायरी यापुढेच आहे. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावं लागतं, त्याचा ईमेल आणि फोन कंपनीच्या वेबसाइटवर असतो. अपील 30 दिवसांच्या आत करायचं, त्याला फी नाही, आणि त्यांनी 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हे सगळं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, 2012 च्या नियमांत आहे. काउंटरला असताना मी स्वतः पाहिलं आहे, आकडे आणि डॉकेट नंबर घातलेलं अपील आलं की ज्या जागी महिनोन् महिने कुणी फिरकलं नाही तिथे इंजिनिअर मीटर घेऊन पोहोचतो. ट्रायकडे थेट वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. अपीलनेही झालं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे टाका. त्याच्या पुढे ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं की नाही यावर बरीच वर्षं वाद होता, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये तो मिटवला: जाता येतं. एक मात्र आधीच सांगतो, कटलेल्या प्रत्येक कॉलमागे रुपया परत द्यायचा ट्रायचा नियम न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केला, म्हणून त्या भरपाईची वाट बघू नका. मागणी रेंज सुधारण्याची करा.

शेजाऱ्याच्या सिमवर चांगलं चाललं असेल तर पोर्ट करणं सगळ्यांत सरळ. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहून पुढे आपला नंबर टाकून 1900 वर पाठवायचं, आलेला कोड घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. महाराष्ट्र सर्कलच्या (मोबाईल सेवेचा विभाग) आतच राहत असाल तर तीन कामकाजाच्या दिवसांत होतं. मुंबईचं सिम इथे वापरत असाल तर सर्कल वेगळं, मग पाच दिवस धरा. इथे एक क्रम सांभाळा. केअरवाले "सिम बदलून बघा" म्हणतील. सिम बदललं की पुढचे 24 तास मेसेज बंद राहतात, म्हणजे बँकेचे ओटीपी येणार नाहीत, आणि जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही. पोर्टच करायचं ठरलं असेल तर सिम बदलण्याच्या भानगडीत पडू नका. मोबाईल कंपन्यांचे कव्हरेज नकाशे आता त्यांच्याच वेबसाइटवर आहेत, ते बघा, पण भरवसा शेजाऱ्याच्या सिमवर जास्त ठेवा. नकाशा इमारतीच्या बाहेरचा असतो.

समजा सिमची अदलाबदल केली आणि त्रास तुमच्याच फोनमध्ये राहिला. तरी लगेच नवा नको. चार वर्षांच्या फोनमध्ये पहिली थकते ती बॅटरी, आणि आपल्या नागपूरच्या उन्हात ती जरा लवकरच थकते. फोन कंपन्या वापरासाठी साधारण 35 अंशांपर्यंतचं तापमान सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात 45 नेहमीचं, 2013 च्या मे मध्ये तर 47.9 पर्यंत गेलं होतं. गाडीच्या होल्डरवर उन्हात फोन लावून मॅप चालू, वर चार्जिंगही चालू, असे फोन जूनमध्ये माझ्याकडे पाठ फुगवून येतात. यात कमजोर रेंज भर घालते. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकद लावून बोलतो, त्यात बॅटरी उतरते आणि फोन तापतो. लोकांना वाटतं फोन म्हातारा झाला, आणि खरं तर तो दिवसभर टॉवर शोधून राहिला असतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून अस्सल बॅटरी बसवून घ्या, अशा फोनला साधारण दोन-तीन हजारांत होतं. स्वस्तातली कॉपी बॅटरी आमच्या गल्लीतही मिळते, पण आईच्या उशाशी राहणाऱ्या फोनमध्ये ती टाकायला मी सांगणार नाही. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, त्याच दिवशी काढून घ्या.

फोन बदलायचं एक कारण मी मानतो: सुरक्षा अपडेट. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती दीड-दोन वर्षं मागे अडकली असेल आणि त्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप आणि यूपीआय चालत असेल, तर बदला. तेव्हाही कॅमेऱ्याच्या आधी अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांची हमी आहे, आणि तुमच्या बजेटपेक्षा बऱ्याच खालच्या गॅलेक्सी ए16 5जीलाही सहा वर्षांची. 28 हजारांत तीनच वर्षांचं अपडेट देणारा फोन दुकानदार पुढे करेल, कारण त्यात त्याचं मार्जिन बरं असतं.

हप्त्याचा हिशोबही मांडा. "नो कॉस्ट" हप्त्यात व्याज असतंच, तेवढी सूट किमतीतून वळती करून दाखवतात. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. रोख देताना मिळणारी सूट किती, हे आधी विचारा. आणि जुलै 2024 च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल या मोठ्या दोन कंपन्या अमर्याद 5जी फक्त रोज 2 जीबी किंवा त्यावरच्या रिचार्जवर देतात. 28 दिवसांचा रिचार्ज मारत असाल तर वर्षात 13 वेळा मारावा लागतो, तो फरक 13 ने गुणून फोनच्या किमतीत मिळवा.

आई नेट वापरत नसेल तर तिच्या नंबरवर फक्त कॉल आणि मेसेजचा रिचार्ज मारा. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये असे पॅक सक्तीचे केले, त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानात विचारलं तर क्वचितच सांगतात, कंपनीच्या ॲपमध्ये शोधा. सिम अदलाबदलीत काय निघालं आणि आतल्या खोलीतला आकडा किती आला, ते इथेच खाली लिहा. अपीलचा मसुदा लागला तर मी लिहून देतो.