मिया हॅम यांना अमेरिकी महिला फुटबॉलमध्ये इतके मानाचे स्थान का आहे?

आकडेच पाहायचे तर १९८७ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात आलेल्या मिया हॅम यांनी २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत १५८ आंतरराष्ट्रीय गोल केले, आणि हा विक्रम अ‍ॅबी वॉमबॅक यांनी २०१३ मध्ये मोडेपर्यंत अबाधित राहिला. दोन विश्वचषक आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या संघांत त्या होत्या.

मला मात्र त्यांची थोरवी १९९५ च्या विश्वचषकातील डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यात अधिक दिसते. गोलरक्षक ब्रायना स्करी यांना पंचांनी शेवटच्या मिनिटांत बाहेर काढले, बदली खेळाडूही उरले नव्हते; तेव्हा संघाची ही आघाडीची खेळाडू हातमोजे चढवून गोलपोस्टमध्ये उभी राहिली आणि तिने गोल होऊ दिला नाही.

१९९९ मध्ये पासाडेनाच्या रोझ बाऊलमध्ये नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर चीनविरुद्धची विश्वचषकाची अंतिम लढत पेनल्टींवर गेली, तेव्हा चौथी पेनल्टी त्यांनीच अचूक मारली. त्या विजयाने निर्माण झालेल्या उत्साहातूनच २००१ मध्ये अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग उभी राहिली; ती तीनच हंगाम टिकली, पण पुढच्या लीगना वाट तिनेच दाखवली.