विकायच्या आधी मागच्या चाकांचा टो बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिड-इंजिन कूपे घेतली, लोक जिची तारीफ करून थकत नाहीत ती मजा काही सापडत नाही, उलट लांब वळणात मागचा भाग चुळबुळ करतो, आणि सर्व्हिसवाले म्हणतात, "या गाड्या अशाच असतात." तर आता विकावी का? त्या अवतरणातल्या वाक्यावर माझी नजर अडकली. हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, आणि त्याची किंमत मी बरीच मोजली आहे.

मिड-इंजिन म्हणजे इंजिन सीटच्या मागे पण मागच्या ॲक्सलच्या पुढे; त्याचे फायदे काय, हे लिहीत बसत नाही. गाडी घेतलीत म्हणजे ते माहीत आहेच. आधी एक सांगा: चुळबुळ दोन्ही बाजूंच्या वळणांत सारखीच होते की एकाच बाजूच्या? आणि सपाट, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग अगदी मधोमध असतं का? तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

माझी गाडी डावीकडच्या वळणात शहाण्यासारखी वागायची आणि उजवीकडच्या वळणात अंगात आल्यासारखी. कोरड्या रस्त्यावर, फारसा वेग नसताना ईएसपीचा (गाडी घसरू लागली की सावरणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा क्षणभर लुकलुकायचा. सरळ जाताना स्टीअरिंग किंचित डावीकडे धरावं लागायचं, इतकं किंचित की शेजारी बसलेल्याला कळणारही नाही. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, गाडीचंही नाही, कारण एक कळलं की दुसरं ओळखू येतं. मोठं, चकाचक, कॉफी विचारणारं ठिकाण होतं एवढंच सांगते.

तिथे चारही चाकांच्या अलाइनमेंटचं बिल झालं. हातात रंगीत रिपोर्ट आला, सगळे चौकोन हिरवे. तक्रार तशीच राहिली. मग म्हणाले शॉक ॲब्सॉर्बर गेलेत, ते बदलले. मग टायर, पण फक्त मागचे, आणि तेही पुढच्यांपेक्षा वेगळ्या कंपनीचे, कारण "तेच स्टॉकमध्ये आहेत." दर वेळी गाडी परत घेताना तेच: मिड-इंजिन आहे, सवय लागेल.

अखेर ट्रॅकवरच्या गाड्या तयार करणाऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवर चढवायच्याही आधी तो हिरवा रिपोर्ट मागितला आणि मागच्या ॲक्सलच्या ओळीवर बोट ठेवलं. 'आधी' आणि 'नंतर' या दोन रकान्यांतले आकडे मिनिटापर्यंत (अंशाच्या साठाव्या भागापर्यंत) एकसारखे होते. म्हणजे मागच्या चाकांचं सेटिंग बदललंच नव्हतं. रिपोर्टवर मागचा एकूण टो (वरून पाहता चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळली आहेत तो कोन) तेवढा छापला होता आणि तो हिरवा होता, कारण उजवं चाक भरपूर टो-इन (आत वळलेलं) होतं, डावं थोडं टो-आउट (बाहेर वळलेलं), आणि बेरीज बरोबर येत होती! प्रत्येक चाकाचा टो वेगळा आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा गाडीच्या मधल्या रेषेशी कोन) छापलाच नव्हता. उजव्या वळणात जास्त भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकावर येतो. ते चाकच बाहेर तोंड करून बसलं असेल तर मागचा भाग बाहेर निघणारच.

मूळ कारण अगदी साधं होतं. मागचा टो ज्या एक्सेंट्रिक (मध्य सरकलेल्या) बोल्टने बदलतात तो बुशच्या (सांध्यातल्या रबरी भागाच्या) लोखंडी नळीत गंजून पक्का बसला होता. तो कापून काढावा लागतो, नवा बुश बसवावा लागतो, मेहनतीचं काम आहे. ते टाळण्यासाठी मला सरळ सांगितलं होतं, "मागे ॲडजस्टमेंट नसतेच हो, फॅक्टरी सेटिंग असतं." माहीत नसतं तर मी समजू शकले असते. पण बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते. प्रयत्न केला, फिरला नाही, म्हणून 'नसतेच' म्हणून मोकळे. असो. जुना राग आहे, निघतो कधीकधी.

हाच दोष पुढे इंजिन असलेल्या साध्या गाडीत असता तर टायर जरा लवकर झिजले असते, बाकी बहुतेकांना कळलंही नसतं. मिड-इंजिनमध्ये तो बोंबलतो, आणि ज्या कारणाने बोंबलतो त्याच कारणासाठी आपण ही गाडी घेतो. दोन भरल्या बादल्या हात लांब करून धरा आणि गर्रकन वळून बघा, मग त्याच छातीशी धरून वळा. वजन तेवढंच, पण वळायला आणि वळणं थांबवायला लागणारा जोर वेगळा. इंजिन मध्ये आणलं की गाडी वळवण्याच्या आज्ञेला चटकन हो म्हणते. ती आज्ञा तुमच्या मनगटाची आहे की वाकड्या मागच्या चाकाची, हे तिला कळत नाही.

रेसिंगमध्ये हा फायदा एकदा दिसल्यावर कोणी मागे वळून पाहिलं नाही. १९५८ मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने छोट्याशा मिड-इंजिन कूपरमधून शर्यत जिंकली, १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबम कूपरमधूनच जगज्जेता झाला, आणि पुढे इंजिन असलेल्या फॉर्म्युला वन गाड्या बघता बघता संपल्या. रस्त्यावरच्या गाड्यांचं गणित मात्र नाजूक राहिलं. १९८९ ची दुसऱ्या पिढीची टोयोटा एमआर२ घ्या. वळणात एक्सलरेटर सोडला की मागून झटकन फिरते अशी तिची ख्याती झाली, आणि टोयोटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सस्पेन्शनमध्ये आणि टायरमध्ये सुधारणा केल्या. इंजिन जागच्या जागीच होतं! १९९० च्या होंडा एनएसएक्सच्या सुरुवातीच्या गाड्यांचे मागचे टायर भराभर झिजायचे, त्यातही मागच्या अलाइनमेंटचा मोठा हात होता. त्यामुळे 'अशाच असतात' म्हणणाऱ्याला खुशाल विचारा की मग कंपन्या या भूमितीवर इतकं डोकं का फोडतात.

माझी गाडी दुरुस्त झाल्यावर काय बदललं? वेग नाही. पण ब्रेक हलका धरून ठेवत वळणात शिरलं की नाक आत येतं, आणि त्याच क्षणी मागचा भागही सोबत येतो, नंतर ओढला जात नाही. बसायची जागा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या जवळ असल्यामुळे गाडी आपल्याभोवती फिरते असं वाटतं. लांब बॉनेटच्या गाडीत आपण मागच्या ॲक्सलजवळ बसतो आणि नाक कुठेतरी दूर वळत असतं. मग ताकदीचा हव्यास उरत नाही. अल्पीन ए११० ला १.८ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आहे आणि वजन साधारण ११०० किलो, तरी चालवणारे हसत उतरतात. पोर्शने २०१६ मध्ये केमनला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं तेव्हा लोकांनी आवाजावरून नाकं मुरडली, आणि नंतर चार लिटरचं सहा सिलिंडर परत आलं. मला विचाराल तर आवाजाचं दुःख खरं आहे, पण दुय्यम. वळणात ती चार सिलिंडरवालीही मिड-इंजिनच असते.

तर तुम्ही काय करावं? मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे हे एका मालकाचं मत समजा. अलाइनमेंट पुन्हा करा, पण दुसरीकडे. रिपोर्टवर चारही चाकांचा वेगवेगळा टो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि थ्रस्ट अँगल छापून मागा. मोजताना टाकी किती भरलेली हवी हे कंपनीच्या पुस्तकात बघा. अनेक मिड-इंजिन गाड्यांची टाकी मागच्या ॲक्सलवर नसते, त्यामुळे पेट्रोलचं वजन कुठे पडतं यावर पुढची-मागची उंची थोडी हलते. बोल्ट गंजलाय म्हणाले तर कापा म्हणा, आणि बुशचे पैसे आनंदाने द्या. चारही टायर एकाच मॉडेलचे असू द्या. बाजूवरचा चार आकडी तारीख-कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असलेला जुना टायरही पावसात दगा देतो. हवेचा दाब पुढे-मागे वेगळा असतो, आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा चारही सारखे भरतो. त्याच्यावर नजर ठेवा.

हे सगळं होईपर्यंत वळणाच्या मध्यात एक्सलरेटर एकदम सोडू नका आणि ईएसपी बंद करू नका. झाल्यावरही मर्यादा शोधायच्या असतील तर बंद ट्रॅकवर, शिकवणारा शेजारी बसवून. रस्त्यावर नाही. हे मी अनेकांना सांगते आणि निम्मे ऐकत नाहीत.

जाता जाता, रेडिएटर पुढे आहेत का बघा. असतील तर बंपरच्या जाळीमागे पाला साचतो, आणि ओला पाला महिनोन् महिने तिथे राहिला की रेडिएटर कुजतो. हात घालून काढा, प्रेशर वॉशरने आत ढकलू नका. कूलंट कधी बदलावं लागलं तर व्हॅक्यूमने भरणाराच गाठा. पुढून मागे लांब नळ्या जातात, हवा अडकली की इंजिन तापतं.

नवा रिपोर्ट आला की मागच्या दोन्ही चाकांचे 'आधी' आणि 'नंतर'चे आकडे इथे टाका. कोणत्या बाजूच्या वळणात त्रास होतो तेही लिहा. आकडे ठीक असूनही त्रास राहिला तर मागच्या टो-लिंकचे (टो धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) बुश बघू. विकायचं त्यानंतर ठरवा.