वहिनींचं हायस्कूल, एचआरची बारावी आणि एक्स व्हिसा

पाथर्डी फाट्यावरच्या एका दादांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. दुबईत हॉटेलात काम करताना फिलिपिन्सच्या मुलीशी जमलं, २० महिन्यांपूर्वी सेबूला तिच्या घरच्यांसमोर रजिस्टर लग्न केलं. मग दोघं नाशिकला आले आणि आईच्या आग्रहाखातर १३ महिन्यांपूर्वी देवळात परत लग्न लावलं, त्याची मनपात नोंदणीपण केली. वहिनी एक्स व्हिसावर, म्हणजे नवऱ्यासोबत राहण्याच्या व्हिसावर आहेत. त्या कॅथलिक आहेत, बहीण तिकडेच असते. शिक्षण तिकडचं हायस्कूल, २००९ पास, वर हाउसकीपिंगचा सर्टिफिकेट कोर्स आणि दुबईचा सहा वर्षांचा अनुभव. गंगापूर रोडच्या एका हॉटेलात इंटरव्ह्यू चांगला झाला पण एचआर म्हणतंय बारावीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट आणा. एक एजंट ४० हजारात बारावी काढून देतो म्हणतोय, आणि मॅनेजर म्हणतो तोपर्यंत येऊ द्या कामाला, पगार तुमच्या खात्यावर टाकतो. काय करू?

दादा, आधी मॅनेजरचं बोलते कारण मला तीच भीती वाटतेय. अजिबात पाठवू नका. एक्स व्हिसा हा तुमच्यासोबत राहण्यासाठी आहे, त्यावर नोकरी करता येत नाही, पगार कोणाच्याही खात्यावर जाऊ दे, काम त्याच करताहेत ना. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झालाय, त्यात व्हिसाच्या अटी मोडल्या तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'ट्रेनिंग', 'ट्रायल' असली नावं देऊनही उपयोग नाही. मॅनेजरला घाई आहे ते समजू शकते, सिंहस्थ तोंडावर आलाय आणि सगळी हॉटेलं माणसं शोधताहेत, पण पोलीस व्हेरिफिकेशनला आले तर तो बाजूला होईल आणि वहिनी अडकतील.

मग एम्प्लॉयमेंट व्हिसा काढू का, असं तुम्ही विचाराल. तो वेगळा प्रकार आहे, काही अपवाद सोडले तर वर्षाला १६.२५ लाखांच्या वर पगार लागतो, हॉटेलातल्या अशा नोकरीला एवढा कोण देणार.

तुमचा खरा रस्ता ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा. भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला ते मिळतं, अट अशी की लग्न नोंदणीकृत हवं आणि अर्जाच्या आधी सलग २ वर्षं टिकलेलं हवं. कार्ड आलं की खाजगी नोकरीला वेगळी परवानगी लागत नाही, सरकारी नोकरी मात्र मिळत नाही.

आता इथे एक गोम आहे, नीट वाचा. तुमच्याकडे लग्नाच्या दोन तारखा आहेत! सेबूची आणि देवळातली. तुम्ही हौसेने मनपाचं सर्टिफिकेट जोडलंत तर २ वर्षं व्हायला अजून ११ महिने, आणि सेबूचं जोडलंत तर चारच. शिवाय वहिनी कॅथलिक आहेत म्हणता, हिंदू मॅरेज ॲक्टखालचं लग्न दोघंही हिंदू असतील तरच होतं, हिंदू आणि ख्रिश्चन यांचं त्या कायद्याखालचं लग्न वैध नाही असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच सांगितलंय. म्हणजे देवळातलं लग्न आईसाठी ठीक, कागदासाठी सेबूचंच. त्याची तिकडच्या पीएसएची (जन्म-लग्नाच्या नोंदी ठेवणारं सरकारी ऑफिस) कॉपी मागवा आणि त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा शिक्का घ्या, फिलिपिन्स मे २०१९ पासून अपॉस्टिल देतं आणि भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे त्यामुळे इथे चालतं. अर्जात लग्नाची तारीख सगळीकडे तीच टाका आणि देवळातला विधी नंतर झाला हे लपवू नका, विचारलं तर सरळ सांगा.

नावाचंही बघा. तिकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव असतं, लग्नानंतर वडिलांचं आडनाव मधे येतं. आपल्याकडे आधारवाल्याने सवयीने मधे तुमचं नाव घातलं असेल. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, आधारवर तिसरं. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच आधार करून घ्या, आणि तिन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट करून ठेवा.

आता शाळेचं. तिकडे २०१३ चा कायदा येईपर्यंत शाळा दहाच वर्षांची होती, सहा प्रायमरी आणि चार हायस्कूल, अकरावी-बारावी सुरू झाली २०१६ ला. वहिनी २००९ च्या, म्हणजे त्यांचं हायस्कूल आपल्या दहावीच्या आसपास धरा. रेझ्युमेवर 'हायस्कूल ग्रॅज्युएट' लिहिलंय ते बदला, एचआरला ते ग्रॅज्युएशन वाटतं आणि पुढे गोंधळ होतो. समकक्षतेसाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम काढलेत पण त्यातही बारा वर्षांची शाळा मागतात, त्यामुळे बारावीच्या समकक्षतेचा अर्ज करून फी वाया घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मुळात हॉटेलच्या नोकरीला बारावी पाहिजे असा कायदा नाहीये हो, ती त्या हॉटेलची पॉलिसी आहे. सहा वर्षांचा अनुभव आणि हाउसकीपिंगचं सर्टिफिकेट बघून दुसरा कोणी आनंदाने घेईल.

एजंटला आजच ब्लॉक करा. खोटं सर्टिफिकेट वापरणं हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ओसीआय फसवणुकीने मिळवलं असं निघालं तर ते रद्द होतं. चार महिन्यांसाठी ४० हजार देऊन आयुष्यभराचं कार्ड घालवायचं का?

अर्ज ऑनलाइन असतो, नाशिकचं काम मुंबईच्या एफआरआरओकडे (परदेशी लोकांची नोंदणी बघणारं ऑफिस) जातं, फी १५ हजार. जोडीदाराच्या केसमध्ये आधी सुरक्षा तपासणी होते, वेळ लागतो, तेव्हा व्हिसा मधे संपत असेल तर मुदत संपायच्या आधी त्यांच्या ई-एफआरआरओ वेबसाइटवर वाढवून घ्या.

एक गोष्ट वहिनींना स्वतः सांगा, माझ्या नावाने सांगा हवं तर. हे कार्ड लग्नावर उभं आहे, घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं. हे त्यांना अर्ज करायच्या आधी माहीत असलं पाहिजे, सही त्या करणार आहेत.

तोवर चार महिने कागद जमवा. हायस्कूलचा फॉर्म १३७ (मार्कांचा रेकॉर्ड) आणि डिप्लोमा (पास झाल्याचा दाखला), त्यावर तिकडच्या शिक्षण खात्याचं सीएव्ही म्हणजे पडताळणी, मग अपॉस्टिल. हाउसकीपिंगच्या सर्टिफिकेटचं सीएव्ही टेस्डाकडून, म्हणजे तिकडच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या सरकारी संस्थेकडून. वहिनींची बहीण तिथे आहे म्हणालात, तिला अधिकारपत्र पाठवा. उद्या सकाळी साडेसहाला फोन लावा, तिकडे नऊ वाजलेले असतात, शाळेचं ऑफिस उघडलेलं असेल.