गोव्यातल्या पेडण्यात चार हजार चौरस मीटर बागायतीला स्वस्तात कुंपण कसं घालावं?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची माड-काजूची बाग, गावची गुरं आत शिरतात, आणि चिऱ्याच्या भिंतीचा आकडा ऐकून तुम्ही हबकलात. माझी डिचोलीतली जागा जवळजवळ एवढीच आहे, म्हणून लिहितो.

आधी क्षेत्रफळ विसरा, हद्दीची लांबी टेपने मोजा. तेवढीच जागा चौरस असेल तर चारी बाजू मिळून २५३ मीटर होतात. २० मीटर रुंद आणि २०० लांब असा पट्टा असेल तर ४४०. खर्च तिथेच ठरतो. त्याहीआधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद) आणि सर्व्हे प्लॅन काढून, शेजाऱ्यांना उभं करून खुणा घाला. जुनी पायवाट किंवा मुंडकाराची (भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्याची) वाट आतून जात असेल तर तिथे बेडं, म्हणजे फाटक ठेवा. वाट अडवून होणारा तंटा कुठल्याही भिंतीपेक्षा महाग पडतो.

भिंत मी फक्त रस्त्याकडे बांधली, १८ मीटर, पंचायतीचा परवाना काढून. मागे उतार. पाणी जायला खाली भोकं ठेवायला मी सांगितलं, गवंडी म्हणाला गरज नाही, आणि मी ऐकलं. पहिल्याच जुलैत पाण्याच्या रेट्याने मधला तुकडा आडवा झाला.

बाकी तिन्ही बाजूंना गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात. दांडे फुकट मिळतात. कुणाची तरी वई, म्हणजे झाडांचं कुंपण, छाटायची असतेच. मनगटाएवढ्या जाडीच्या, पाच-सहा फुटांच्या जून फांद्या घ्या. खालचं टोक तिरकं तोडा आणि पहिला पाऊस पडून जमीन भिजली की दीड फूट खोल रोवा. मी दीड-दीड फुटावर लावले, पाचशेवर दांडे लागले. जांभ्यात खड्डे मारायला पहारच हवी. मजुरी गेली ती त्यातच. पुढे छाटणीचा पाला माडांच्या आळ्यात टाकतो, त्यात नत्र भरपूर असतं. भिंतीकडून असं काही मिळत नाही!

पण पहिली दोन वर्षं ही वई नुसती नावालाच असते. गुरं दांडे हलवतात, शेळ्या कोवळा पाला खातात. तोवर बाहेरून करवंदीची काटेरी झुडपं रचा, नाहीतर काटेरी तार ओढा. चार पदर पुरतात. तार वजनावर विकतात, म्हणून किलोला किती मीटर भरते ते विचारूनच भावाची तुलना करा. समुद्र जवळ असेल तर गॅल्वनाइज्डच घ्या, खाऱ्या वाऱ्यात साधी तार लवकर गंजते. खांब सिमेंटचे बरे; लाकडी खांब खालून डांबर लावला तरी आज ना उद्या वाळवी गाठते. तार जिवंत झाडाला थेट खिळू नका, खोड वाढून ती गिळतं. मध्ये लाकडाची पट्टी ठोका.

शेराची चिकाळ झुडपं लावा असंही कुणी सुचवेल. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत हे खरं, पण चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. घरात मुलं असतील तर मी लावणार नाही.

रानडुकरांचा त्रास असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. ती तारेखालून घुसतात, म्हणून खालचा पदर जमिनीलगत हवा, किंवा सौर कुंपण. त्याच्या यंत्रातून क्षणाक्षणाचे झटके जातात; जनावर दचकतं, मरत नाही. घरची वीज तारेत सोडायचा विचार मात्र मनातही आणू नका, माणूस मरतो आणि तो गुन्हाही आहे. कुंपणाच्या सरकारी अनुदानाची विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा, कृषी कार्ड (शेतकऱ्याचं सरकारी नोंदणी कार्ड) नसेल तर तेही तिथेच विचारा, आणि हे सगळं खांब रोवायच्या आधी.