पेडण्याची जमीन आणि कॅलगरीचा बर्फ

कॅनडातल्या कॅलगरीहून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. माहेर गोव्यात फोंड्याचं, सासर पेडण्याचं. मुलगा चौदा वर्षांचा, आइस हॉकी खेळतो आणि चांगलाच खेळतो. येत्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवी मुलं निवडतात त्या निवडीत, वेस्टर्न हॉकी लीगचा एखादा संघ त्याचं नाव घेईल असं त्याच्या कोचना वाटतं. वडिलांनी त्याला महागड्या हॉकी अकादमीत घालायचं ठरवलं आहे, आणि त्यासाठी पेडण्यातली वडिलोपार्जित जमीन विकायची. मोपाचा विमानतळ झाल्यापासून दलालांचे फोन थांबत नाहीत. सासऱ्यांनी अबोला धरला आहे. सासूबाईंनी देवळात कौल लावला, तो उजवा झाला. ‘मी कोणाचं ऐकू?’ असं त्या विचारतात.

ताई, मुलाला खेळू द्या. जमीन विकू नका. माझं उत्तर एवढंच आहे. पण ते का, हे सांगायला थोडी जागा लागेल.

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळायचा. दहावीनंतर शिक्षण सुटलं, एका क्लबने घेतलं, पगार सुरू झाला आणि आईने वाड्यावर पेढे वाटले. चोविसाव्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट तुटला. क्लबने पुढचा करार केला नाही, ऑपरेशनचा निम्मा खर्चही आमच्याच अंगावर आला. त्या संध्याकाळी तो परसात बसून बुटांचे स्टड एकेक करून पिळून काढत होता आणि करवंटीत टाकत होता. टक्, टक्. आम्ही कोणी त्याला थांबवलं नाही. तो खेळला याचं मला आजही वाईट वाटत नाही. खेळ सुटल्यावर उभं राहायला त्याच्या पायाखाली आम्ही काहीच ठेवलं नव्हतं, याचं वाटतं.

आता तुमच्या मुलाची पुढची वाट कशी आहे ते बघू. तिकडे पंधरा-सोळाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत ज्युनियर हॉकी असते. वेस्टर्न, ओंटारियो आणि क्युबेक मॅरिटाइम्स अशा तीन लीग मिळून कॅनेडियन हॉकी लीग होते. त्यांतून पुढे एनएचएलचा, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट. संघ ३२, फेऱ्या सात, म्हणजे वर्षाला २२४ नावं. आणि त्यांत कॅनडा-अमेरिकेबरोबर स्वीडन, फिनलंड, चेकिया असे सगळेच देश. नाव आलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. एका संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात, आणि नवी मुलं बहुधा खालच्या एएचएल किंवा ईसीएचएलमध्ये वर्षानुवर्षं घासतात. वरचा पगार डोळे दिपवणारा आहे, २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान पगारच वर्षाला ७,७५,००० अमेरिकी डॉलर. पण खालच्या लीगमधला पगार त्याच्या जवळपासही नसतो, आणि बरेच जण शेवटी युरोपातल्या लीगमध्ये खेळून पोट भरतात. तेही मानाचंच काम आहे. घरात ‘करिअर’ हा शब्द उच्चारताना ते चित्रही डोळ्यांपुढे असू दे.

मुलाचा जन्म नोव्हेंबरचा आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला ती पत्रातली सगळ्यात कामाची ओळ वाटली. तिकडे वयोगट १ जानेवारीला बदलतो. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि तुमचा मुलगा एकाच गटात, पण मधे दहा महिन्यांचं अंतर. चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे उंची, खांदे, पायांतली ताकद. निवडल्या जाणाऱ्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त असतात, हे कॅनडात १९८० च्या दशकापासून अभ्यासलं गेलं आहे. शिवाय एनएचएलच्या ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात, त्यामुळे तुमच्या मुलाचा नंबर त्याच्या वर्गमित्रांपेक्षा एक वर्ष उशिरा लागेल. घाई करण्याचं कारणच नाही. उद्या ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तरी घरात सुतक पाळू नका. व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बैंस एनएचएलच्या एकाही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. २०२१-२२ मध्ये तो वेस्टर्न लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणारा ठरला, त्याच हंगामात व्हँकुव्हरच्या एनएचएल संघाने त्याला करार दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलच्या बर्फावर उतरला.

संघाने घेतलं तर मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडेल. हंगामात ६८ सामने, रात्र-रात्र बसचा प्रवास, आणि राहायचं दुसऱ्या गावातल्या अनोळखी घरी. तिकडे त्याला बिलेट कुटुंब म्हणतात. तुम्हाला त्याची धास्ती वाटते हे कळतं. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत मुलं वारावर जेवून शिकली, गाणं शिकायला गुरूच्या घरी पाणी भरत राहिली. परक्याच्या घरात वाढणं आपल्याला नवं नाही. त्या घरच्या बाईंशी आधी स्वतः बोला. मुलगा काय खातो, ताप आला की कसा गप्प होतो, हे त्यांना सांगा. आणि त्याला वरण-भात, ऑम्लेट आणि साधी कढी करता आल्याशिवाय घराबाहेर सोडू नका.

करार मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. वेस्टर्न लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची फी मिळते. ती किती काळात वापरायची आणि व्यावसायिक करार केला तर तिचं काय होतं, हे लेखी विचारा. पूर्वी या लीगमध्ये एक सामना खेळला तरी अमेरिकी विद्यापीठांच्या हॉकीची दारं बंद व्हायची. १ ऑगस्ट २०२५ पासून तो नियम बदलला आहे. म्हणजे आता हॉकी आणि पदवी यांतलं एक सोडायची पाळी येत नाही. तुमच्या यजमानांना अकादमीच्या माहितीपत्रकाआधी हा बदल वाचायला द्या.

अंगाच्या दुखापतीबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत, म्हणून मीच विषय काढते. अंगावर धडक द्यायची परवानगी तिकडे तेराव्या वर्षापासूनच्या गटांत मिळते, म्हणजे तुमचा मुलगा आता त्यातच आहे. डोक्याला मार बसल्यावर ‘काही नाही, बरा आहे’ असं मुलं हमखास म्हणतात, कारण संघातली जागा जाईल ही भीती. घरात एकच नियम ठेवा: डोकं दुखलं, उजेड सहन होईना, मळमळलं, तर आधी डॉक्टर आणि ते सांगतील तेव्हाच बर्फ. मॅनी मल्होत्रा, वडील भारतीय, १९९८ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला. मार्च २०११ मध्ये पक, म्हणजे खेळातली कडक रबरी चकती, लागून त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी बरीचशी गेली. तो पुन्हा खेळला, पुढे कोच झाला, आणि २०२५ मध्ये त्याच्या अ‍ॅबट्सफोर्ड संघाने एएचएलचा काल्डर कप जिंकला. बैंस त्याच संघात होता. खेळ संपल्यावरही खेळात राहता येतं, ते असं.

आता जमीन. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आला आहे. विवाहित माणसाला जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांची संमती लागते, आणि मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो. त्या जमिनीत पुढेमागे तुमच्या नणंदेचाही वाटा येतो. सासरे हयात असताना, ते बोलत नसताना, कॅलगरीत बसून सौदा ठरवायचा आणि नणंदेला फक्त सहीपुरतं बोलवायचं, हे घर मोडायचं लक्षण आहे. कौल लावताना सासूबाईंनी काय विचारलं ते तुम्हीच लिहिलंय: ‘नातवाला यश येईल ना?’ जमिनीचं त्यांनी विचारलंच नाही. अकादमीशिवायही मुलं वर जातात. शहरातला संघ, शाळा आणि उन्हाळ्यातलं थोडं खास प्रशिक्षण, एवढं तुमच्या दोघांच्या पगारात बसत असेल तर तेवढंच करा.

मुलगा सरावाला उतरला की कधीकधी तुम्ही पेडण्याला व्हिडिओ कॉल लावता. तुमच्याकडे हिवाळ्यातले पहाटेचे साडेपाच, इकडे संध्याकाळचे सहा. सासूबाई तुळशीपुढे दिवा लावून येतात आणि तेलाच्या बोटांनीच फोन धरून बघत बसतात. हे कॉल बंद करू नका. पण हॉकीचे कॅम्प आणि चवथ दोन्ही ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात. पुढची काही वर्षं नातू गणपतीवरच्या माटोळीखाली उभा राहू शकणार नाही, हे सासऱ्यांना तुमच्या यजमानांनी स्वतः सांगावं. बातमी म्हणून कळवू नये, विचारावं.

जुलैत शाळा बंद असते. तेव्हा पंधरा दिवस मुलाला पेडण्याला पाठवा, भर पावसात. सोबत स्टिक द्या. सोप्यावरच्या तांबड्या कोब्यावर टेनिसचा चेंडू छान सरकतो. सासरे तिथेच खुर्ची टाकून बसतात ना? त्या खुर्चीच्या पायांमधून गोल मारला तर चालेल का, ते आजोबांना त्यालाच विचारू दे.